संगणक कक्षाची किल्ली कुणाकडे? संस्थाचालकांना एका शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
पुण्यातील अनुदानित मराठी शाळांचे संस्थाचालक व नियामक मंडळांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत मी नववीच्या एका तुकडीला संगणक कक्षात घेऊन गेले. काम साधंच होतं. वहीत लिहिलेलं पत्र संगणकावर मराठीत टाइप करायचं, फाइलला नाव देऊन ठेवायचं आणि मला मेल करायचं. पत्रलेखनाच्या प्रश्नात मुलं हल्ली ई-मेल पत्ता लिहितात. पेनने, कागदावर. त्याचे मार्कही मिळतात. म्हटलं, एकदा खरा मेल पाठवू दे त्यांना.

बेचाळीस मुलं, वीस संगणक, त्यातले अकरा चालू. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून येणारी एक मुलगी पुढच्याच रांगेत बसली होती. उजव्या हाताची तर्जनी ताठ धरून ती एकेक कळ शोधत होती. ‘मा. मुख्याध्यापक’ एवढं उमटायला तिला सहा-सात मिनिटं लागली. पुढे ‘शाळा’ लिहायचं होतं, तिथे हात थांबला. “बाई, ह्यात ळ नाहीये.” तास संपत आला तेव्हा तिच्या चार ओळी झाल्या होत्या. सेव्ह कर म्हटल्यावर माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “तुमच्या फोनवर फोटो काढून ठेवता का बाई? नाहीतर जाईल ते.”

हीच मुलगी गॅदरिंगचा व्हिडिओ आईच्या फोनवर अर्ध्या तासात कापून, गाणं लावून तयार करते. तिचं डोकं तल्लख आहे आणि बोटंही चपळ आहेत. तिला कुणी कळफलकासमोर बसवलंच नव्हतं, एवढंच. पाचवीपासून ती आमच्याच शाळेत आहे आणि तो संगणक कक्ष तेव्हापासून जागेवर आहे. पाच वर्षांत ती त्या खोलीत किती वेळा आली असेल, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं. चार वेळा. त्यातल्या दोनदा तिथे पोलिओची मोहीम आणि निवडणुकीचं काम चालू होतं म्हणून परत पाठवलं होतं.

मी बावीस वर्षं मराठी शिकवते आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पेपर तपासणीला, शिबिरांत, घरच्या लग्नकार्यात भेटणाऱ्या शिक्षकांशी बोलले की कळतं, कमी-अधिक फरकाने सगळीकडे हेच आहे. म्हणूनच हे पत्र एका संस्थेला लिहिण्याऐवजी तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे. शाळेत नवा फळा घ्यायचा की नाही, वेळापत्रकात काय बसवायचं, देणगीचे पैसे कुठे घालायचे, हे तुमच्या बैठकीत ठरतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की यंत्रं घेण्याचं तुम्ही मनावर घेतलंत, तसं ती यंत्रं मुलांच्या आणि शिक्षकांच्या हाताखाली येण्याचंही मनावर घ्या.

आधी किल्लीबद्दल लिहिते.

संगणक शाळेत आला की पहिल्यांदा तो डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढतो. कक्ष ज्या शिक्षकाच्या ताब्यात, त्याची सही. बदली झाली किंवा निवृत्त झाला, की चार्ज देताना माऊससकट एकेक वस्तू मोजून द्यायची. नादुरुस्त वस्तूचं रीतसर निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे ती नोंदवहीतून काढली जाईपर्यंत, ती फेकताही येत नाही, त्यामुळे मेलेले मॉनिटर जिवंत संगणकांची टेबलं अडवून बसतात. अशा स्थितीत कक्ष सांभाळणारा माणूस काय करेल? कुलूप लावेल. माझ्या एका सहकाऱ्याकडे नऊ वर्षं तो चार्ज होता. ते म्हणाले, “वापरला नाही तर मला कुणी विचारत नाही. मोडला तर सगळे विचारतात.” या माणसाला मी आळशी म्हणणार नाही. व्यवस्थेने त्यांना जे शिकवलं, तेच ते करत होते.

प्रयोगशाळेत परीक्षानळ्या फुटतात. त्या फुटणार हे गृहीत धरूनच आपण दरवर्षी नव्या मागवतो, कुणी विज्ञानाच्या बाईंचा पगार कापत नाही. मैदानावरचे चेंडू हरवतात, तेही चालतं. मग दोन-चारशे रुपयांच्या माऊसला देव्हाऱ्यात का ठेवायचं? तुमच्या बैठकीत एक ठराव करा, की रोजच्या वापरात जे मोडेल त्याची भरपाई कुणाही शिक्षकाकडून घेतली जाणार नाही. तो लेखी करा आणि संगणक कक्षाच्या दारावर लावा. याला एक रुपयाही लागत नाही. शाळाशाळांतल्या किती खोल्या या एका कागदाने उघडतील, याची तुम्हाला कल्पना येणार नाही.

मुलीच्या ‘ळ’कडे परत येते, कारण मराठीची शिक्षिका म्हणून ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे. त्या दिवशी मी तिला दाखवलं. इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक संगणकात आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडावी लागते एवढंच. त्यात ल ज्या कळीवर आहे, तीच कळ शिफ्ट धरून दाबली की ळ. जवळजवळ सगळे स्वर आणि त्यांच्या काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकावर, त-थ, द-ध, प-फ, ब-भ तशाच जोड्यांनी. म्हणजे अल्पप्राण साधा आणि महाप्राण शिफ्टने. वर्णमाला शिकवताना फळ्यावर जे समजावून सांगायला मला आठवडा लागतो, ते या कळफलकावर बोटांना आपोआप कळतं. जोडाक्षर करायचं तर मध्ये हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, द्यावा लागतो, म्हणजे ‘क्ष’ हा क आणि ष यांचा बनलाय हे मुलाला स्वतः टाइप करून समजतं. शुद्धलेखनाच्या किती चुका या एका सवयीने कमी होतील! पुढच्या दोन आठवड्यांत त्या तुकडीतल्या सात-आठ मुलांनी मधल्या सुट्टीत येऊन सराव केला. बोलून टाइप करण्याची सोय आता फोनवर आहे हे मला ठाऊक आहे. ती चांगलीच आहे, पण ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं हे तपासायला शेवटी अक्षर ओळखता आणि बदलता यावं लागतं.

पुण्यात हे व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था इथे सुरू झाली, १९९१ मध्ये तिचा परम ८००० हा महासंगणक इथेच तयार झाला, भारतीय लिप्या संगणकावर नांदाव्यात म्हणून त्याच संस्थेतल्या मंडळींनी वर्षानुवर्षं खपून काम केलं. बालभारती सेनापती बापट रस्त्यावर आहे, तिची पाठ्यपुस्तकं पीडीएफच्या रूपात कुणालाही फुकट मिळतात. आणि याच शहरात सहामाहीची प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये टाइप होते आणि दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. मग परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी-तिघी बसून ती सगळी पुन्हा टाइप करतो. कुठल्याही संगणकावर तेच अक्षर दिसावं म्हणून युनिकोड ही अक्षरांची सामाईक पद्धत आहे; ती समजावून सांगायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास आजवर कुणी आम्हाला दिलेला नाही.

आता शिक्षकांबद्दल. ‘शिक्षकांनाच येत नाही, मुलं काय शिकणार’ हे वाक्य मी तुमच्यापैकी अनेकांच्या तोंडून कार्यक्रमांत ऐकलंय. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं मी सांगते.

आमच्याकडे गणिताचे एक सर आहेत, वय चोपन्न. मोठा स्पर्शफळा, म्हणजे बोटाने चालणारा संगणकी फळा, वर्गात आला तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाले, कंपनीचा मुलगा येऊन तासभर दाखवून गेला. नंतर वर्षभर सर त्या फळ्याच्या शेजारच्या जुन्या काळ्या फळ्यावर खडूने लिहीत राहिले. विज्ञानाच्या आमच्या एका तरुण बाईंनी त्यांना एकदा विचारलं, “सर, तुम्हाला शिकवताना सगळ्यात जास्त अडचण कुठे येते?” सर म्हणाले, “परिकेंद्र. विशालकोन त्रिकोणात ते बाहेर जातं हे पोरांच्या डोळ्यांसमोर येत नाही.” बाईंनी त्यांना जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर दाखवलं. ते फुकट मिळतं. चार दिवस मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून दोघं बसले. पहिले दोन दिवस सरांना रेघसुद्धा हवी तिथे ओढता येईना.

पाचव्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसले. सरांनी त्रिकोण काढला, तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक काढले, तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारं परिवर्तुळ काढलं. मग एक शिरोबिंदू बोटाने धरून सावकाश सरकवायला लागले. त्या वर्तुळाचा मध्य, म्हणजे परिकेंद्र, आतल्या आत हलत होतं. कोन काटकोन झाला तेव्हा ते नेमकं कर्णाच्या मध्यावर येऊन टेकलं. सरांनी बोट तिथेच धरून ठेवलं आणि विचारलं, “आता पुढे गेलो तर?” वर्ग गप्प. बोट पुढे गेलं आणि बिंदू कर्ण ओलांडून बाहेर पडला. मागच्या बाकावरचा मुलगा, जो एरवी खिडकीबाहेर बघत असतो, ओरडला, “सर, परत करा!” सरांनी त्यालाच फळ्याशी बोलावलं आणि त्याच्या बोटाने करायला लावलं. सत्तावीस वर्षं गणित शिकवणारा माणूस त्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन पाणी प्यायला आणि बराच वेळ नुसता हसत होता.

यात तुमच्या फळ्याचा वाटा आहे, मी तो नाकारत नाही. पण फळा वर्षभर आधीच आला होता. मधल्या सुट्टीतले ते चार दिवस आले तेव्हा तो चालू झाला. सरांना स्वतःची अडचण सोडवायची होती, शिकवणारी व्यक्ती शेजारच्या वर्गातली होती, आणि दुसऱ्या दिवशी अडलं तर पुन्हा विचारायची सोय होती. शिबिरांत यातलं काहीच नसतं. सभागृहात दोनशे माणसं, एक प्रोजेक्टर, तीन दिवस, शेवटी प्रमाणपत्र. ऑनलाइन प्रशिक्षणांचं तर विचारूच नका. एका खिडकीत व्हिडिओ चालू असतो आणि दुसऱ्या खिडकीत आम्ही संध्याकाळपर्यंत मागवलेली कसली तरी माहिती भरत असतो. मीही असे व्हिडिओ चालू ठेवले आहेत, ते न बघता. याची मला लाज वाटते, पण खरं आहे ते लिहिते.

कोविडची आठवण करून देते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, शहरांतले आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा भरायला लागले. त्या दीड वर्षात पन्नाशी ओलांडलेल्या बायका स्वयंपाकघरात स्टीलचे डबे एकावर एक रचून त्यावर फोन टेकवून तास घेत होत्या. आवाज कसा बंद करायचा, स्क्रीन कशी दाखवायची, हे आम्ही रात्री दहा वाजता एकमेकींना फोन करकरून शिकलो, कधी आपल्याच विद्यार्थ्यांकडून शिकलो. ज्यांना ‘येत नाही’ म्हणतात तीच ही माणसं. शाळा उघडल्यावर मात्र त्या शिकण्याला वेळापत्रकात एक खणसुद्धा मिळाला नाही, आणि दोन वर्षांत बरंचसं विसरायला झालं.

म्हणून दुसरी मागणी वेळापत्रकाची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या विकासासाठी वर्षाला किमान ५० तास द्यावेत असं म्हटलं आहे. ते तास येणार कुठून, याचं उत्तर शाळेतच शोधावं लागेल. आठवड्यात एक तासिका, प्रत्येक शिक्षकाला, दोघादोघांच्या जोडीने, संगणक कक्षात. त्या तासिकेला बदली तास लावायचा नाही, माहिती भरायला बसवायचं नाही. परीक्षा आणि सुट्ट्या वगळून वर्षाचे तीस आठवडे धरले आणि तासिका पस्तीस मिनिटांची धरली, तरी साडेसतरा तास होतात. पन्नासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि तेही शाळेबाहेर न जाता. मुख्याध्यापकांना विचारा, ते म्हणतील तासिका बसत नाहीत. खरंच बसत नाहीत, मला ते माहीत आहे. कार्यानुभवाचे, स्नेहसंमेलनाच्या तयारीचे, पाहुणे येणार म्हणून रद्द होणारे तास मोजले तर मात्र जागा निघते. तुम्ही सांगितलंत तर ती नक्कीच निघेल.

खरेदीबद्दल थोडक्यात. देणगीतून टॅब येतात आणि त्यातल्या धड्यांची वर्गणी वर्षाने संपली की कपाटात जातात. प्रोजेक्टर येतो, त्याचा दिवा बदलायला पैसे नसतात. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषयच शाळांमधलं तंत्रज्ञान हा होता, आणि हे साधन नेमकं कुणाच्या अटींवर वापरायचं, असा प्रश्न त्याच्या नावातच विचारला होता. पुढची वस्तू घेण्याआधी ती ज्या वर्गात जाणार त्या शिक्षकाला बैठकीला बोलवा आणि तिच्या दुरुस्तीचे पुढच्या तीन वर्षांचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा. मोठं काम महागड्या वस्तूंनीच होतं असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांचं नाव झालं ते पाठ्यपुस्तकाच्या पानाला क्यूआर कोड जोडण्याच्या कामाने. छापील पुस्तक आणि एक फोन, एवढ्यावर ते उभं राहिलं.

आता मुलींबद्दल, कारण संध्याकाळी खोली उघडी राहण्याची गरज सगळ्यात जास्त त्यांना आहे. मुलांच्या शिक्षणाची घरोघरी पाहणी करणाऱ्या ‘असर’चा २०२४ चा अहवाल ग्रामीण भारताचा आहे, पेठांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. तरी त्यात चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांबद्दल जे आहे ते मला माझ्या वर्गात दिसतं. जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असणारे मुलगे ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारे ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. माझ्या वर्गातल्या मुलींना फोन मिळतो तो रात्री, भाऊ झोपल्यावर किंवा बाबा कामावरून आल्यावर, आणि तोही आईच्या नजरेसमोर. त्यांना शाळा सुटल्यावर एक तास उघडी खोली मिळाली तर त्या काय करतील हे मी मधल्या सुट्टीत पाहिलेलं आहे.

शेवटचा विषय नवा आहे आणि त्याची मला धास्ती वाटते. दहावीच्या मुलांना मी परिसरातल्या जुन्या पाणीव्यवस्थेवर प्रकल्प दिला होता. चार मुलांचे प्रकल्प शब्दन्‌शब्द सारखे आले. भाषा इतकी गुळगुळीत, की माझ्या मुलांची ती नव्हेच. चौघांनीही चॅटबॉटला विचारलं होतं. शनिवारवाड्याला पाणी थेट मुठेतून नेलं होतं, असं त्यात ठासून लिहिलेलं. मी रागावले नाही. शनिवारी चौघांना घेऊन फडके हौदापासून चालत निघाले. पेशवाईत कात्रजच्या तलावांतून दगडी नळाने पाणी शहरात आणि शनिवारवाड्यापर्यंत कसं आणलं होतं, वाटेतल्या पेठांना हौदांतून ते कसं मिळत होतं, हे चालता चालता सांगितलं. नंतर शाळेत येऊन त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, उत्तरातली चूक स्वतः शोधली, आणि ती कशावरून चूक आहे ते पुस्तकातून काढून खाली लिहिलं. त्यांच्या प्रकल्पातलं ते पान सगळ्यात चांगलं होतं.

हे मला करता आलं, कारण मी स्वतः दिवाळीच्या सुट्टीत त्या चॅटबॉटशी दोन आठवडे झटले होते. तो कुठे बरोबर सांगतो, कुठे बिनदिक्कत खोटं सांगतो, हे वापरल्याशिवाय समजत नाही. माझे निम्मे सहकारी अजून त्याला हात लावायला बिचकतात आणि मुलं मात्र रोज वापरतात. हे अंतर शाळेच्या वेळापत्रकातल्या एका तासिकेने लगेच भरून निघणार नाही. पण ती तासिकासुद्धा नसेल, तर मुलं जे लिहून आणतील त्यावर आम्ही लाल पेनाने बरोबरची खूण करत बसू.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तुमच्या बैठका होतील, वेळापत्रकं ठरतील, अंदाजपत्रकं मंजूर होतील. त्या विषयपत्रिकेत या दोन गोष्टी घ्या: मोडतोडीचा ठराव आणि आठवड्याची एक तासिका. बैठकीला संगणक कक्षाचा चार्ज असलेल्या शिक्षकाला बोलवा आणि चहा देऊन, खुर्चीवर बसवून विचारा, की तुमच्या खोलीचं कुलूप दिवसातून किती वेळ उघडं असतं आणि का.

आमच्या शाळेतली किल्ली फेब्रुवारीपासून स्टाफरूमच्या खिळ्यावर टांगलेली असते. ज्याला हवी त्याने वहीत नाव लिहून न्यावी. आतापर्यंत दोन माऊस आणि एक कळफलक गेला. त्या मुलीने आठवड्याभरात पत्र पूर्ण केलं, फाइलला स्वतःचं नाव दिलं आणि मला मेल पाठवला. विषयाच्या जागी तिने लिहिलं होतं, ‘शाळा’.

आपली नम्र,
मराठीची एक शिक्षिका, पुणे